स्टंपांना लागून

पाचव्या संघाचा कागद उघडला तेव्हा चुलीवरचं पाणी अजून तापायचं होतं, आणि आठव्या क्रमांकावर लेइवियाला आपलंच नाव दिसलं. लेइविया कालोरिप, वनुआतू, यष्टिरक्षक. सामने दोन, धावा तीन, झेल नाही, यष्टीचीत नाही. अक्षर विली मास्तरांचं, फळ्यावर लिहून लिहून गोल झालेलं. सगळे संघ तेच आपल्या हातानं उतरवून काढतात, म्हणजे अक्षरावरून संघ कोणाचा हे तिला ओळखता येऊ नये. तिनं कागद खाली ठेवला नाही. रोजच्या वाटेवर एखाद्या दुकानाच्या काचेत अचानक आपलाच चेहरा दिसावा आणि क्षणभर वाटावं, ही बाई कोण, चांगली थोराड दिसते की, तसं काहीसं झालं. मग पाणी उकळलं. तिनं चहा केला, नवऱ्याचा, आबेलचा, कप झाकून ठेवला, आणि अंगणातल्या पपईखाली फळकुटावर बसून पुन्हा पहिल्या नावापासून वाचायला लागली. सातवीपर्यंत नजर नेहमीसारखी चालत गेली आणि आठवीपाशी येऊन थांबली. खाडीकडून वारा येत होता. शेजारच्या घरी कोणीतरी नारळ खवत होतं. हा आवाज थांबला की पुढचं नाव वाचू, असं तिनं मनाशी ठरवलं. तो थांबला, पलीकडे भांडी वाजायला लागली, तरी ती तिथंच होती.

तिचा नेम होता. पहाटेची प्रार्थना झाली की कोणाशी एक शब्दही बोलायच्या आत संघ तोलायला बसायचं, आणि एका दिवशी एकच संघ. बोललं की दुसऱ्याचं काहीतरी मनात शिरतं आणि मग तोल राहत नाही, असं तिचं मत. खेळ तसा साधा. दर वर्षी कोरड्या दिवसांत विली मास्तरांच्या नाकामालवर, म्हणजे तिन्हीसांजेला जिथं माणसं कावा, एका मुळीचं गुंगवणारं पेय, प्यायला जमतात त्या अंगणात, पाच जण आपापला संघ बांधतात. क्रिकेटच्या मोठ्या देशांचा एकही खेळाडू घ्यायचा नाही. ज्यांची नावं त्यांच्याच शहरातल्या बस ड्रायव्हरला ठाऊक नसतात असे अकरा निवडायचे. एकानं घेतलेला दुसऱ्याला मिळत नाही, म्हणून निवडीच्या दिवशी चांगली भांडणं होतात. हे संघ मैदानात कधी उतरत नाहीत. उतरणार कसे, त्यातली निम्मी माणसं एकमेकांना जन्मात भेटायची नाहीत. संघ फक्त तोलले जातात, आणि तोलते लेइविया, म्हणून निवडीच्या दिवशी ती तिथं नसते. ज्याचा संघ शेवटचा ठरेल त्यानं सगळ्यांना तळलेले मासे खाऊ घालायचे. आकड्यांना ती हात लावत नाही. प्रत्येक खेळाडूमागे एक ओळ लिहायची, वाईट दिवशी हा माणूस काय करतो एवढीच. चांगल्या दिवशी सगळेच चांगले असतात, त्यात तोलायचं काय. वीसेक वर्षं ती यष्ट्यांमागे उकिडवी बसत आली होती, आणि तिथून माणूस जसा दिसतो तसा दुसरीकडून दिसत नाही. गुडघा लटपटला तर तिथून कळतं. तोंडातल्या तोंडात स्वतःलाच हासडलेली शिवी तिथं ऐकू येते.

यंदा पहिल्यांदाच बायकांचे संघ करायचे ठरले होते. आजवर पुरुषांचेच होत आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे, तिलाही नाही. आठवडाभर ती मोठ्या खुशीत होती. जिच्याविरुद्ध खेळलो ती कुक बेटांवरची, जिला फोनवरच्या सामन्यांत पाहून पाहून ओळखायला लागलो ती रवांडाची, ती भूतानची ठेंगणी, सगळ्याजणी एकेक करून तिच्या अंगणात येऊन उभ्या राहत आणि ती त्यांच्याकडे नीट पाहून घेई. ब्राझीलच्या सलामीच्या बाईला तिनं लिहिलं होतं: वाईट दिवशी ही आधी स्वतःवर चिडते, मग पंचांवर, मग भूक लागते आणि बरी होते. जपानच्या एकीला: वाईट दिवशी हिच्याकडून झेल सुटत नाही, कारण झेल येईल तिथं ही उभीच राहत नाही. एका ओळीत एक आख्खा माणूस बसतो याचा तिला दर वर्षी नव्यानं आनंद होई. हात कसा चालला होता. चार संघ कसे पटापट झाले होते. आणि आज शनिवार, संध्याकाळी वाचन, आणि आठवीची ओळ कोरी. बाकीच्या दहा जणींना तिनं न्याय दिला. आठवीपाशी पेन्सिल टेकवली, उचलली. पुन्हा टेकवली. नेम मोडून आबेलला हाक मारावी असं पहिल्यांदाच वाटलं, मारली नाही.

आबेल मिनीबस चालवतो. सकाळी पहिल्या फेरीला ती त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर बसते आणि बंदराकडच्या वळणावर उतरते, तिथं कावा परदेशी पाठवणाऱ्यांची मोठी शेड आहे, त्यात ती मुळ्या पारखायला असते. आज ती खिडकीबाहेरच पाहत होती. आबेलनं दोनदा तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, माझा संघ इतका का वाईट झालाय? ती म्हणाली, कुठला तुझा हे मला ठाऊक नाही आणि तू सांगू नकोस. तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्यानं छतावर टकटक केलं, त्याला उतरायचं होतं, त्याच्याबरोबर त्याची कोंबडी उतरली, आणि विषय राहिला. पण तिच्या मनात किडा शिरला होता. पाचवा संघ आबेलचा असेल का? बायकोचं नाव घालून ठेवलं, खूश होईल, असा त्याचा कारभार असू शकतो. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्यानं बसच्या मागच्या काचेवर तिचं नाव रंगवून घेतलं होतं आणि तिनं ते खरवडून काढायला लावलं होतं. की त्याची बहीण मेरेलिन? ती तर थट्टेखातर काहीही करील. की विली मास्तरांनीच अकरा पुरे करायला कोणाच्या तरी संघात एक जुनं नाव सरकवलं, शाळेत मागच्या बाकावरच्या मुलाला उगाच एक उत्तर विचारावं तसं? थट्टा असेल तर चालेल. थट्टेला उत्तर देता येतं. पण कोणी दया म्हणून घातलं असेल, त्या दोन सामन्यांनंतर बाईला कोणी विचारत नाही, चला, घेऊ या, असं, तर. खिडकीतून शाळेची मुलं दिसत होती, पिवळे शर्ट, ओले केस. दयेचा विचार तिला तोंडात कच्चा कावा धरल्यासारखा लागला. जीभ बधिर होते आणि थुंकायची सोय नसते.

शेडमध्ये पोत्यांमागून पोती आली. वाळलेली मुळी हातात घ्यायची, मोडायची, आतला रंग पाहायचा. तिच्या उजव्या हाताची मधलं आणि अनामिका ही दोन बोटं वाकडी आहेत, मोडून पुन्हा जुळताना आपल्या मर्जीनं जुळलेली, तरी मुळी मोडताना तीच बोटं सगळ्यात आधी सांगतात. ही ठीक, ही ओली, ही कोवळी उपटली. इथं तिला कधी प्रश्न पडत नाही. आणि तिला वाटलं, मुळीला कोणी विचारत नाही की बाई, तुझं तुला काय वाटतं. दोन सामने. कागदावर दोनच. पूर्वी आपल्यासारख्या देशांतल्या बायकांचे सामने जगाच्या हिशेबात धरतच नसत. मग एक दिवस लांब कुठेतरी ठरलं की यापुढे धरायचे, आणि त्या दिवसापासूनचे तेवढे खरे झाले. आधीचे कुठे गेले? सुव्हाला काथ्याच्या मॅटवर, जिथं चेंडू टप्पा खाऊन छातीवर येई, तिथं तिनं एका सकाळी चौघींना यष्टीचीत केलं होतं. चौथी तर क्रीजच्या बाहेर वीतभरही नव्हती, नुसता टाच उचलण्याचा अवकाश, आणि हात आपसूक गेला, तिनं नेला नव्हता, गेला. ते कुठे आहे? त्या सामन्याची वही एका चक्रीवादळात क्लबच्या पत्र्याबरोबर उडाली. नुमेआला पावसात, निसरड्या ग्लोव्हजनी. आपिआला ताप असताना. त्या सगळ्या वर्षांत ती बेटांवरची सगळ्यात चांगली कीपर होती. तिला हे जसं माहीत होतं तसं आपल्या आईचं नाव माहीत होतं. त्यात गर्व नव्हता आणि नम्र व्हायलाही जागा नव्हती. आणि जग मोजायला लागलं तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची, डावा गुडघा सुजलेला, राखीव म्हणून संघात आलेली. पहिल्या पसंतीची पोर तापानं पडली म्हणून दोन सामने मिळाले. त्यातल्या दुसऱ्यानं तिचं आयुष्य कागदावर लिहून टाकलं.

दुसरा सामना सामोआविरुद्ध, इथंच, घरच्या मैदानावर, कुंपणाला लागून सगळं गाव उभं. त्या दिवशी बायच्या चौदा धावा गेल्या. म्हणजे चेंडू ना बॅटला लागला, ना कीपरच्या हाती. आणि वनुआतू नऊ धावांनी हरला. चौदा आणि नऊ हे दोन आकडे शेजारी ठेवले की गणित येणाऱ्या कुठल्याही माणसाला जे कळायचं ते कळतं. नेटी नाउका तेव्हा एकोणीस वर्षांची, ब्लॅकसँड्सच्या वस्तीतली, बेटांवरची सगळ्यात वेगवान गोलंदाज. अशा गोलंदाजाला कीपर दहा-बारा पावलं मागं उभी राहते, चेंडू नीट हातात यावा म्हणून. लेइविया स्टंपांना लागून उभी राहिली. पहिल्या षटकात सिना फालेआता नावाची त्यांची उंच सलामीवाली क्रीजच्या चांगली हातभर पुढं येऊन उभी राहिली, म्हणजे नेटीचा चेंडू आत वळायच्या आधीच खुडायचा. लेइविया मागं होती. तिनं दोन चेंडू पाहिले आणि उठून पुढं आली, ग्लोव्हज स्टंपांवर जवळजवळ टेकवून बसली. सिनाच्या मानेवरचा घाम दिसत होता. सिना मागं वळली, तिच्याकडे पाहिलं, आणि गुपचूप क्रीजमध्ये गेली. मग चेंडू वळायला लागला. मैदानाबाहेरून क्रेग, तो ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक, दोन्ही हात ढकलून खुणा करत होता, मागं जा, मागं जा. ती गेली नाही. एक चेंडू गुडघ्यावरून सीमेपार. कुंपणापाशी आवाज झाला, म्हणजे आवाज असा नाही, खूप लोकांनी एकदम श्वास आत घेतला तसा. ती गेली नाही. नेटीला चार बळी मिळाले, चौघीही क्रीजमध्ये खिळलेल्या, पायावर किंवा थेट स्टंपांवर. शेवटच्या षटकात आणखी दोन चेंडू तिला चुकवून सीमेपार गेले. तेव्हाही ती तिथंच होती. सामना संपल्यावर क्रेग आला, पाण्याची बाटली दिली, आणि अगदी हळू, वाईट न वाटेल अशा बेतानं म्हणाला, जरा मागं जाता आलं असतं, नाही का. बस, एवढंच. पाच वर्षांत दुसरं कोणी काही बोललं नाही. बाजारात बोललं नाही, चर्चमध्ये नाही, आबेल नाही. त्या न बोलण्याची तिला सवय झाली होती, दारामागं टांगलेल्या छत्रीसारखी, हात लागला की कळतं, आहे.

दुपारी शेड बंद झाली. बाकीच्या बायका बाजाराकडे गेल्या आणि ती धक्क्याच्या टोकाला वडाच्या मुळीवर बसली, केळीच्या पानात भाजलेला कंदाचा लापलाप मांडीवर तसाच. इथं तिला स्वतःला विचारायचं होतं, आणि विचारताना लाज वाटायला नको होती. तो हट्ट होता का? चव्वेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदाच जग बघतंय म्हणून, मागं जाऊन साधं पकडण्यापेक्षा पुढं राहून काहीतरी करून दाखवावं, असं होतं का कुठे तळाशी? तिनं तळापर्यंत हात घातला. चाचपलं. थोडं होतं. कोणाच्या तळाशी थोडं नसतं. पण ते त्या दिवशी तिला पुढं घेऊन गेलं नव्हतं. सिना दोन चेंडूंत नेटीला फोडून काढणार होती, हे तिला पाठीमागून दिसलं होतं. सिनाच्या खांद्यात दिसलं होतं, जशी पाऊस पडायच्या आधी माशी अंगावर बसते तसं. मागं राहिली असती तर बाय गेल्या नसत्या आणि सिनानं, सिनामागून येणाऱ्या प्रत्येकीनं, पुढं येऊन पोरीला झोडलं असतं. चौदा वाचले असते आणि तीस गेले असते. चाळीस. पण जे घडलं नाही त्याच्या धावा कोणी लिहून ठेवत नाही. चौदा लिहिलेले आहेत, तीस नाहीत, आणि माणूस जन्मभर लिहिलेल्याशीच झुंजत बसतो. समुद्रावर एक पांढरं मोठं जहाज उभं होतं, त्याच्यावर माणसं मुंग्यांसारखी. आपण त्यांना इथं धक्क्यावर कशा दिसत असू, तिला वाटलं, बसलेली एक बाई, बस. आणि मग तिच्या ध्यानात आलं की सकाळपासून ती ओळ शोधतच नव्हती. ती शोधत होती तो माणूस, ज्यानं नाव घातलं. थट्टा की दया हे कळलं की त्याप्रमाणे ओळ लिहायची, थट्टा असेल तर तिखट, दया असेल तर कमी प्रतीची, म्हणजे दया करणाऱ्याच्या तोंडावर परत फेकता येईल. तोलणाऱ्यानं असं करायचं असतं का? भूतानच्या त्या ठेंगणीला कोणी कशासाठी घेतलं हे तिनं एकदा तरी विचारलं होतं का? तिनं लापलाप सोडला, खाल्ला, बोटं चाटली. भूक कडकडून लागली होती. कागद गुडघ्यावर घेऊन आठवीची ओळ लिहिली तेव्हा हात इतर कुठल्याही ओळीसारखाच चालला. मग पाचही संघ एकदा नजरेखालून घातले आणि क्रम लावला. क्रम लावताना पाचव्या संघाशी ती थोडी रेंगाळली, पण आठवीमुळे नाही. त्या संघाची कप्तान कोण ते पाहून तिनं तोंड वाकडं केलं, खाली कप्तान चुकीची एवढं लिहिलं, आणि त्याला दुसरा टाकला.

नाकामालवर वाचन नेहमी पहिल्या करवंटीच्या आधी होतं. कावा पोटात गेला की माणसं मऊ होतात, कुजबुजायला लागतात, मग कोणी ऐकत नाही. म्हणून विली मास्तरांचा नियम, निकाल कळेपर्यंत कोणी ओठ लावायचा नाही. त्यामुळे त्या तासाभरात सगळे उतावीळ आणि तोंडाळ असतात. फाटकावरचा लाल दिवा लागला होता. बाकांवर आबेल, मेरेलिन, बँकेतला तो जाड्या, आणि एक शिंपी, असे चौघे. पाचवा कोण म्हणून लेइवियानं पाहिलं तर विली मास्तरांनी मेजावर, पपईच्या फोडींच्या ताटलीला टेकवून, एक फोन उभा ठेवला होता. फोनमध्ये नेटी. क्वीन्सलंडात टोमॅटो तोडायला गेली त्याला दुसरं वर्ष चाललं होतं. डोक्यावर शेतातली टोपी, मागं पत्र्याची भिंत. तिनं हात हलवला. लेइवियानंही हलवला आणि बाकावर बसली. गुडघा कटकन वाजला. बरं झालं, नाव कोणी घातलं ते सकाळी ठाऊक नव्हतं, तिच्या मनात आलं. आणि ठाऊक असतं तरी ओळ हीच असती, हेही आलं.

मेरेलिन भावजयीला म्हणाली, तावी, लवकर आटपायला सांग तुझ्या मास्तरांना, माझी करवंटी थंड होत नाही पण मी होतेय. मास्तर म्हणाले, शाळेत तू अशीच होतीस. मग त्यांनी चष्मा लावला आणि शेवटून वाचायला सुरुवात केली. शेवटचा संघ बँकेतल्या जाड्याचा निघाला. त्याच्या चार गोलंदाजांपैकी तिघी वाईट दिवशी रडतात असं ऐकल्यावर त्यानं मान खाली घातली, आणि शिंप्यानं त्याला विचारलं, मासे कुठले तळणार, तुमच्या बँकेसारखे नुसते काटे नकोत. आबेलचा चौथा आला. त्याच्या संघात लेइविया नव्हती. त्यानं बायकोकडे पाहिलं, ती पपईच्या फोडीकडे पाहत होती. मेरेलिन तिसरी. मग मास्तरांनी पाचवा कागद घेतला, आणि एकेक नाव वाचत आठव्यापाशी आले तेव्हा थांबले, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. कोणीतरी बाकावर सरकलं.

"लेइविया कालोरिप," मास्तरांनी वाचलं. "वाईट दिवशी ही स्टंपांना लागून उभी राहते, चेंडू सुटत असले तरी, कारण सुटलेले चेंडू मोजता येतात आणि मागं गेल्यावर काय सुटलं असतं ते येत नाही. गोलंदाज चांगली असेल तर हिला घ्यावं."

पाच वर्षं जे बोललं गेलं नव्हतं ते आता अंगणाच्या मधोमध उभं होतं आणि सगळे त्याच्या बाजूबाजूनं एकमेकांकडे पाहत होते.  शिंपी म्हणाला की त्या दिवशी तो कुंपणापाशीच होता, आणि त्याला तर. पण पुढं काय हे त्यानं सांगितलं नाही, कारण मेरेलिननं त्याच्या पायावर पाय दिला. मास्तरांनी उरलेली तीन नावं वाचली, आणि म्हणाले, क्रमांक दुसरा. पहिला शिंप्याचा.

फोनमधून नेटीचा आवाज आला, थोडा उशिरानं, जसा लांबून येतो तसा. "दुसरा? आंटी, तुला घेतलं आणि दुसरा?"

"मला घेतलंस म्हणून दुसरा. नाहीतर चौथा होता."

सगळे हसले, जाड्यासुद्धा. नेटी मात्र हसली नाही. तिनं टोपी काढली. तिचे केस भुरके झाले होते, धुळीनं की उन्हानं कोण जाणे, आणि चेहरा थोडा मोठा झाला होता. "एक सांगू का? विचारत नाही, सांगतेय. मास्तर, हा प्रश्न धरू नका." नियमाप्रमाणे प्रत्येकाला तोलणारीला एकच प्रश्न विचारता येतो. मास्तर म्हणाले, सांग. "शेवटच्या षटकात तू मागं जायला हवं होतंस. आधीची सगळी षटकं नाही. आधी तू होतीस म्हणून मला चौघी मिळाल्या, ते मला ठाऊक आहे, इथं शेतात मी सगळ्या पोरींना सांगते. पण शेवटच्या षटकात त्या आंधळ्यासारख्या बॅट फिरवत होत्या, क्रीज कसलं आणि काय. तेव्हा मागं जायचं होतं. त्या दोन चौकारांचंच मला वाईट वाटतं. बाकीचं नाही."

लेइवियाला वाटलं, पाच वर्षांत मला कोणीतरी खरा झेल दिला. तिनं तो नीट हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. शेवटचं षटक. त्यांची नववी खेळायला आलेली, आखूड पायांची, डोळे मिटून बॅट फिरवणारी. कदाचित. त्या एका षटकापुरतं, कदाचित पोरीचं बरोबर होतं. दुपारी वडाखाली बसून तिनं सगळ्या सामन्याचा एकच गोळा करून तोलला होता, आणि ही टोमॅटोच्या शेतातून षटक षटक वेगळं काढून तोलत होती. लेइवियाला यातही बरं वाटलं. आपण शिकवलेलं कोणी आपल्यावरच चालवावं याच्यात काय वाईट आहे.

"आणि मी मागं गेले असते तर तुला काय वाटलं असतं?"

"वाटलं असतं, चला, आंटीला अक्कल आली."

मेरेलिन हसता हसता बाकावरून घसरली आणि आबेलनं तिला दंडाला धरून वर ओढलं. लेइविया हसली तेव्हा तिच्या वरच्या दाताची फट दिसली, चेंडूनं केलेली, जी ती एरवी हातानं झाकते. हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "शेवटच्या षटकाचं मी मान्य करीन कदाचित. विचार करून सांगते. पण ओळ बदलणार नाही." मास्तर म्हणाले, ओळ बदलता येतही नाही, आणि आता आटपा, माझी भांडी वाट पाहतायत. त्यांनी मेजाखालून मोठं पातेलं ओढलं, ढवळलं, मातीचा आणि मिऱ्याचा तो ओलसर वास अंगणभर झाला. शिंपी उठून पहिल्या करवंटीचा मान घ्यायला पुढं आला; जिंकणाऱ्याला तो असतो. आबेल बायकोजवळ येऊन उभा राहिला, तिचा वाकड्या बोटांचा हात आपल्या हातात घेऊन त्यानं एकदा दाबला आणि सोडला. ते तिला पुरेसं होतं. उद्या परवा तो काहीतरी विचारील, बसमध्ये, वळणावर, कोंबडीवाल्या म्हाताऱ्याच्या टकटकीच्या मधे, आणि ती सांगेल.

"माझा प्रश्न राहिलाय," फोनमधली नेटी म्हणाली.

मास्तरांनी पळी हवेत धरली. शिंप्यानं करवंटी ओठापासून वीतभर लांब थांबवली.

"तू लिहिलंयस की माझी कप्तान चुकीची. सिना. ठीक आहे, ती वाईट दिवशी फक्त स्वतःच्या धावा मोजते, पटलं. मग त्या अकरांत कप्तान कोण हवी होती?"

सकाळी हाच प्रश्न कोणी विचारला असता तर लेइवियानं त्यातली तिसरी सांगितली असती, किंवा सहावी, दोघीही चांगल्या आहेत, कोणाला आक्षेप घेता आला नसता. तिनं पपईची एक फोड घेतली, साल काढलं, आणि फोनकडे नीट पाहिलं.

"मी," ती म्हणाली.